सतराव्या शतकातल्या इंग्रज पाद्र्याचा माग काढताना

सुरुवात नावापासून केलीत तर फसाल. त्या काळी एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहीत, आणि एकाच नावाचे दोन-तीन पाद्री एकाच वेळी हयात असत. आधी गाव पकडा. समजा, एडवर्ड टेरी हवा आहे: जहांगिराच्या दरबारी आलेला वकील सर टॉमस रो याचा पाद्री, पुढे १६२९ पासून ग्रेट ग्रीनफर्डचा रेक्टर, म्हणजे गावचा मुख्य पाद्री. हे गाव मिडलसेक्समध्ये, म्हणजे लंडनच्या बिशपच्या हद्दीत. बिशप ठरला की दप्तर ठरलं.

आता इंग्लंडच्या चर्चच्या पाद्र्यांचा ऑनलाइन डेटाबेस उघडा. तो १५४० ते १८३५ या काळाचा आहे आणि फुकट आहे. १६०४ च्या नियमांनुसार डीकन, म्हणजे पाद्रीपणाची पहिली पायरी, व्हायला २३ वर्षं पुरी लागत, पूर्ण दीक्षेला २४. यावरून जन्मसालाचा अंदाज बांधता येतो. नेमणुकीच्या नोंदीत पाद्र्याइतकंच लक्ष आश्रयदात्याच्या नावाकडे द्या. गावची जागा देण्याचा हक्क त्याचा असे, आणि दोन नोंदींतला माणूस एकच का, हे बऱ्याचदा त्याच्यावरूनच कळतं. आपल्या माणसाचा शेवट मात्र त्याच्या नोंदीत नसतो, तो पुढच्याच्या नेमणुकीत असतो: ‘पर मोर्तेम’ म्हणजे जागा मृत्यूमुळे रिकामी, ‘पर रेसिग्नातिओनेम’ म्हणजे राजीनाम्यामुळे.

सगळ्यात जास्त घोळ सालाचा होतो. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीत ‘१० फेब्रुवारी १६२८’ दिसलं तर आपल्या हिशेबानं ते १६२९. टिपणात १६२८/२९ असंच लिहा, नाहीतर माणूस नेमणुकीआधीच बाप्तिस्मे देताना दिसेल.

मृत्युपत्रात नावापुढे ‘क्लार्क’ असेल तर कारकून समजू नका, तो पाद्रीच. मोठ्या मिळकतींची मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘प्रॉब ११’ या मालिकेत मिळतात.

नोंद नाही म्हणजे माणूस मेला असं नव्हे. १६४६ मध्ये बिशपपदच रद्द झालं, ते १६६० ला परत आलं. मधली पोकळी राजकारणाची आहे. क्युरेट, म्हणजे पगारी मदतनीस, नेमणुकांच्या वहीत येतच नाही. त्याला परवान्यांच्या नोंदींत आणि बिशपच्या पाहणीच्या याद्यांत शोधावं लागतं. टेरीची १६१६ ते १६१९ ही वर्षं जहाजावर, मांडूला आणि अहमदाबादला गेली. त्यांसाठी ब्रिटिश लायब्ररीतली ईस्ट इंडिया कंपनीच्या सभांची इतिवृत्तं चाळा.

आपले ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्सही इंग्रजच, पण ते जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघाचे, इंग्लंडच्या चर्चचे नव्हेत. या डेटाबेसात त्यांच्यासाठी वेळ घालवू नका; त्यांचा माग रोममधल्या जेझुइटांच्या दप्तरात.