मृगाआधी वाफे उचलून घ्या: इंदूरच्या काळ्या मातीतली परसबाग

२५ मेला सूर्य रोहिणीत गेला की माळव्यात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. या नऊ दिवसांत बागेकडे कुणी फिरकत नाही, पण वर्षभर घरची भाजी मिळणार की नाही ते बरंचसं याच दिवसांत ठरतं. कारण आपली माती. उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दोन मोठे पाऊस झाले की त्याच भेगा मिटून पाणी वरच्या वर तुंबतं. पुण्याच्या मावशीने सांगितलेलं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही ते यामुळे. इंदुरात झाडाला पाणी कधी द्यायचं याआधी, साचलेलं पाणी बाहेर कुठून काढायचं हे ठरवावं लागतं.

आमच्या अंगणात कमरेएवढी वाढलेली, फुलावर आलेली पपई श्रावणात दोन दिवस पाण्यात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी पानं लोंबली. बुंध्याशी बोटाने दाबून पाहिलं तर बोट आत गेलं. आत आंबूस वासाचा नुसता लगदा. तेव्हापासून पपई मी उंचवट्यावरच लावते आणि खोडाशी मातीची भर घालते.

म्हणून मृग लागायच्या आत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत, वाफे जमिनीपासून वीतभर उचलून घ्या. रुंदी तीन फुटांच्या वर नको, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. मधल्या चरांना उतार असू द्या आणि तो उतार कुठे जाऊन संपतो ते बादलीभर पाणी ओतून आधीच बघा. दोन-चार घमेली रेती टाकली की काळी माती मोकळी होते अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. होत नाही. ती मोकळी होते कुजलेल्या खताने. दर चौरस मीटरला ४-५ किलो तरी मिसळा.

आणि खताच्या बाबतीत इंदूरकराने कुणाकडे बघायची गरज नाही. १९२४ साली इथे सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या), तण, शेण, राख आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती यांचे थर रचायचे, ओल राखायची, तीनदा वर-खाली करायचं. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. घरी तेच लहान प्रमाणात करता येतं. कडुलिंबाची, पिंपळाची उन्हाळ्याआधी गळलेली पानं पोत्यात भरून ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्यांचा थर द्या. वास येऊ लागला तर ओल जास्त झाली, कोरडी पानं वाढवा. पावसाळ्यात खड्ड्यावर पत्रा हवाच.

दोन-तीन चांगले पाऊस झाले की भेंडी, गवार, चवळी, दोडका, गिलकी (घोसाळी), कारलं लावा. भेंडी दीड-दोन महिन्यांत सुरू होते. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसलं तर लगेच उपटा. तो रोग पांढरी माशी पसरवते, औषधाने ते झाड बरं होत नाही. कारली-गिलकीत फळमाशी फार. कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधा. डंखलेली फळं खताच्या खड्ड्यात टाकू नका, अळ्या तिथेच वाढतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवा.

गराडू हा कंद मात्र विसरू नका. इंदूरच्या सराफा बाजारात थंडीत तळून मिळतो तोच. पावसाच्या तोंडावर कोंब असलेला तुकडा उंच वाफ्यात लावायचा, वेल कुंपणावर किंवा मांडवावर चढवायचा आणि पानं पिवळी पडेपर्यंत थांबायचं. खोदताना कुदळ लांबून घाला. चिरलेला गराडू टिकत नाही.

लिंबाला काळ्या मातीत डिंक्या होतो, बुंध्याची साल फुटून डिंक गळतो. बुंध्याभोवती दुहेरी आळं (एकाबाहेर एक अशी दोन) करा, पाणी बाहेरच्या आळ्यात द्या. पावसाआधी बुंध्याला बोर्डो मलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून, एकत्र करून १ लिटर. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. पेरू, डाळिंबाचे खड्डे आत्ताच दोन फूट खोल खणून उन्हात तापू द्या. रोप जुलैत लावा.

गणपतीत टोमॅटो, फ्लॉवर, कोबीची रोपं टाकली की दसऱ्याच्या सुमारास लावणीला येतात. लसूण कोजागरीनंतर, वाटाणा ऊन उतरल्यावर. कोथिंबिरीचे धणे चपलेने हलके रगडून दोन फाके करा आणि रात्रभर भिजवा. उगवायला दहा-बारा दिवस लागतात, तोवर वाफा उकरून बघू नका. मेथी चौथ्या-पाचव्या दिवशी दिसते, महिन्याभरात कापायला येते.

डिसेंबर-जानेवारीत इकडे ‘पाला पडतो’, म्हणजे दव गोठतं. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि गारठा वाढत चाललेला दिसला तर संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती रात्री ऊब धरते. टोमॅटो, वांगी, पपईची रोपं जुन्या सुती साडीने झाका आणि सकाळी ऊन आलं की काढा. मावठा, म्हणजे थंडीतला पाऊस, झाला तर दोन दिवस पाणी बंद.

उन्हाळ्यात नर्मदेचं पाणी जपून. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंप करत घाट चढवून आणलेलं पाणी आहे ते. फेब्रुवारीत लावलेल्या दुधी-काकडीच्या मधोमध मातीचा मटका गळ्यापर्यंत पुरा. झिरपतं तेवढं वेलाला पुरतं, वरून पाचोळ्याचं आच्छादन घाला. दर दोन-तीन दिवसांनी मटका भरा आणि त्याच्या तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर त्यात डास होतात.