मॉरोविंड पहिल्यांदा खेळताय? आधी स्कायरिम डोक्यातनं काढा

सोलापूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडायचा विषयच नाही, त्यामुळं दर एप्रिलला कुणीतरी विचारतंच, लय बोर व्हायलंय, लांबलचक गेम सांग की. माझं उत्तर ठरलेलं, मॉरोविंड. २००२ चा बेथेस्डा कंपनीचा गेम, त्याच एल्डर स्क्रोल्स मालिकेतल्या स्कायरिमच्या नऊ वर्षं आधीचा. ग्राफिक्स जुनाट आहेत, मान्य, पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर पण पळतो. घेताना गेम ऑफ द इयर एडिशन घ्या, त्यात ट्रायब्यूनल आणि ब्लडमून ही दोन्ही एक्स्पान्शन (गेमचे जोडभाग) येतात.

आता मेन मुद्दा. नवीन पोरं पहिल्या तासातच वैतागून सोडतात, कारण तलवार खेकड्याच्या अंगातनं आरपार जाताना दिसते आणि लागतच नाही. गेम बिघडला नाही ओ, इथं प्रत्येक वाराला आत फासे पडतात. हातातल्या शस्त्राचं स्किल, त्यात अजिलिटीचा (चपळाई) पाचवा भाग आणि लकचा (नशीब) दहावा भाग मिळवायचा, आणि वरनं फटीगचा (दमसास) गुणाकार, म्हणजे हिरवी पट्टी फुल असेल तर सव्वापट आणि रिकामी असेल तर पाऊणपट. स्किल ५ असेल तर पट्टी फुल असून पण पाचातला एखादाच वार बसतो, तेच ५० असेल तर चारातले तीन (समोरचा चपळ असला की अजून कमी, ते वेगळं).

म्हणून पहिल्या खेपेला रेडगार्ड वंशाचा कॅरॅक्टर घ्या, स्पेशलायझेशन कॉम्बॅट, आणि लाँग ब्लेड मेजर स्किलमध्ये टाका, सुरुवातच ५० पासून होते. बर्थसाइन (जन्मरास) वेग वाढवणारी स्टीड घ्या, काही जण लेडी घ्या म्हणतील पण सुरुवातीला कॅरॅक्टर इतका हळू चालतो की स्टीडशिवाय झोप येते. आणि एक गंमत बघा, सेडा नीन या सुरुवातीच्या गावातल्या ऑफिसात पहिल्यांदा हाताला लागतो तो खंजीर, तो शॉर्ट ब्लेडमध्ये मोडतो, म्हणजे तुमचं लाँग ब्लेड तिथं शून्य कामाचं. खंजीर विका, अरीलच्या दुकानात तलवार बघा. त्याआधी बाहेरच्या अंगणातल्या पिंपातली अंगठी फारगॉथ नावाच्या गावकऱ्याला देऊन टाका, अरील खूश होतो आणि भाव बरा लावतो. भांडणाआधी पळत जाऊ नका, पळालं की फटीग उतरते.

नकाशावर बाण नाही. कुठं जायचं ते माणसं तोंडी सांगतात, मधल्या मारुतीपाशी पत्ता विचारल्यावर कसं सांगतात, सरळ जावा, कोंतम चौक लागला की विचारा, तसंच. जर्नल नीट वाचा, अमुक पुलाच्या अलीकडं म्हटलंय की पलीकडं हे बघा. आर्कनथँड या जुन्या अवशेषांचा दरवाजा तर समोर असून उघडत नाही, जवळच्या पाइपवरचा दांडा फिरवावा लागतो. आत जो पझल बॉक्स शोधायचा असतो तो म्हणजे छोटासा ठोकळा आहे, फळ्या बारीक बघा, इथं निम्मी जनता अडकते.

बालमोरा शहराला सिल्ट स्ट्रायडरनं (प्रवासी नेणारा अवाढव्य किडा) जा, तिथल्या केयस कोसेडेसला सुरुवातीला मिळालेलं पाकीट द्या, तो पैसे देईल आणि जा, आधी जरा अनुभव घे म्हणेल. खरंच घ्या! फायटर्स गिल्डात (लढवय्यांची संघटना) भरती व्हा, मेन स्टोरी कुठं पळून जात नाही. लेव्हल वाढताना एन्ड्युरन्स (तग धरायची ताकद) आधी वाढवा, पुढच्या प्रत्येक लेव्हलला हेल्थ त्याच्याच हिशोबानं मिळते. मॅजिका (जादूची ताकद) आपोआप भरत नाही, झोपावं लागतं.

सेव्ह मात्र वेगवेगळ्या नावानं करत राहा, कारण इथं स्टोरीतला महत्त्वाचा माणूस पण मरतो, एक मेसेज येतो आणि गेम तसाच चालू राहतो, स्टोरी गेली.

आणि कधी सेडा नीनमधनं पायी निघालात तर वरनं ओरडत एक माणूस पडेल. त्याच्याकडं लांबच लांब उडी मारायच्या जादूचे तीन स्क्रोल असतात. सेव्ह करून एक वाचा, उडी मारा, आणि जमीन जवळ आली की हवेतच दुसरा वाचा, नाहीतर त्याच्या शेजारीच पडाल.