रांगेचं शेपूट सांभाळा: वाहतूक नियंत्रण कक्षातून रस्त्यावरची घटना कशी हाताळायची

महामार्गावर अपघात झाला की पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन दल, क्रेन असे सगळे घटनास्थळी पोचतात. त्यांचं सगळं लक्ष जखमींवर आणि चेपलेल्या गाड्यांवर असतं, आणि ते तसंच असायला हवं. पण तिथून तीन-चार किलोमीटर मागे, वळणाच्या अलीकडे, थांबलेल्या गाड्यांची रांग दर मिनिटाला लांबत असते. पूर्ण वेगात येणाऱ्या चालकाला तिचा पत्ताही नसतो. रांगेचं हे शेपूट फक्त नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला दिसतं, म्हणून त्याची राखण करणं हे कक्षाचं सगळ्यात मोठं काम. पुढची सगळी पद्धत याच भोवती रचलेली आहे.

(या लेखात 'मागे' म्हणजे जिकडून वाहतूक येते ती बाजू आणि 'पुढे' म्हणजे जिकडे जाते ती.)

घटना कळते कशी

सेन्सर कितीही लावले तरी बहुतेक वेळा पहिली खबर फोनवरूनच येते. गडबडलेला माणूस ठिकाण हमखास चुकीचं सांगतो, आणि त्यातही सगळ्यात जास्त चूक दिशेची होते. म्हणून "कुठल्या दिशेला?" असं विचारू नका. "तुम्ही कुठून निघालात, कुठे चाललात?" आणि "अपघात तुमच्याच बाजूला आहे की दुभाजकापलीकडे?" असे दोन प्रश्न विचारा. मग शेवटचा कोणता फाटा किंवा पूल मागे टाकला, किलोमीटरच्या दगडावर कोणता आकडा दिसतोय, किती गाड्या आहेत, कोणी अडकलंय का, धूर किंवा गळती दिसते का, हे विचारा. दिशा चुकली तर रुग्णवाहिका दुभाजकाच्या नको त्या बाजूला पोचते आणि पुढच्या फाट्यावरून वळून येण्यात मोलाची मिनिटं जातात.

दुसरा स्रोत म्हणजे रस्त्यात पुरलेले लूप. डांबरात खाच पाडून बसवलेलं हे तारेचं वेटोळं. गाडीची धातूची बॉडी वरून गेली की त्याचं इंडक्टन्स (वेटोळ्याचा विजेचा एक गुणधर्म) बदलतं. दर २० किंवा ३० सेकंदांनी लूप दोन आकडे देतो: किती गाड्या गेल्या, आणि त्यातला किती टक्के वेळ लूपवर गाडी होती. दुसऱ्या आकड्याला ऑक्युपन्सी म्हणतात. साधारण ५०० मीटरवरच्या दोन लूपांपैकी मागच्याची ऑक्युपन्सी एकदम चढली आणि पुढच्याची उतरली, तर मधे काहीतरी अडलं आहे. एकाच वाचनावर अलार्म वाजवायचा नसतो. फरक लागोपाठ दोन-तीन वाचनांत टिकला तरच वाजवायचा, नाहीतर खोट्या अलार्मांनी माणूस कंटाळतो आणि खऱ्या अलार्मकडेही बघत नाही.

या पद्धतीचा आंधळा कोपरा ठाऊक असलाच पाहिजे. रात्री दोन वाजता रस्ता रिकामा असताना एखादी गाडी लेनमध्ये बंद पडली तर रांगच लागत नाही, आणि रांग नाही म्हणजे लूपला काही कळत नाही. अंधारात उभी असलेली ही एकटी गाडी भर गर्दीतल्या अपघाताहून जास्त जीवघेणी असते. तिथे थांबलेली गाडी ओळखणारा रडार किंवा कॅमेऱ्याचं विश्लेषणच कामी येतं. कॅमेऱ्याच्याही खोड्या आहेत. पुलाची सरकती सावली, ओल्या रस्त्यावर पडलेला हेडलाइटचा उजेड, वाऱ्याने हलणारा खांब, मावळतीचं ऊन थेट भिंगात येणं, या सगळ्यांतून खोटे अलार्म येतात. इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे जमतात, मग त्यांच्या मागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळं विणतो. रात्री एकाच कॅमेऱ्यावरून सतत अलार्म येत असतील तर आधी काच पुसायला माणूस पाठवा, सेटिंग नंतर बदला.

खात्री

खबर आली की जवळचा फिरता कॅमेरा तिकडे वळवा. आधी आजूबाजूचं सगळं दिसेल इतकं लांबून बघा, मगच झूम करा. थेट झूम केलं की एकच गाडी दिसते आणि तिच्या मागची दुसरी धडक नजरेतून सुटते. कॅमेरा दुभाजकाच्या कोणत्या बाजूच्या खांबावर आहे हे पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असावं, कारण कॅमेरा अर्धा फिरला की दोन्ही दिशांची अदलाबदल होते आणि अनुभवी माणूसही फसतो.

लेनचे आकडे दुभाजकापासून मोजायचे की बाहेरून, हे पोलीस, गस्ती पथक आणि कक्ष यांनी एकदाच ठरवून सगळीकडे तसंच वापरावं. "लेन एक बंद" याचा अर्थ दोघांनी दोन लावले तर चालत्या लेनवर लाल फुली, म्हणजे लेन बंद असल्याची खूण, लागते.

एका घटनेचे वीस फोन येतात, तेव्हा एकविसावाही त्याच घटनेचा असेल असं गृहीत धरून नोंद मिटवण्याचा मोह होतो. तिथेच घात होतो. किलोमीटर ४२ वर अपघात असताना कोणी "४० वर ट्रक धडकलाय" म्हणालं तर तो आकड्याचा गोंधळ असू शकतो, पण रांगेच्या शेपटाला झालेला दुसरा अपघातही असू शकतो. "दुभाजकापलीकडे" असं कोणी म्हणालं तर बघ्यांनी वेग कमी केल्यामुळे समोरच्या बाजूला झालेली धडकही असू शकते. ठिकाण किंवा वाहनाचं वर्णन जुळत नसेल तर वेगळी नोंद उघडा आणि कॅमेऱ्याने बघितल्यावरच दोन्ही एक करा.

पहिली पाच मिनिटं

क्रम असा ठेवा. जखमी, आग, गळती यांपैकी काहीही असण्याची शक्यता असेल तर रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांना निरोप आधी द्यायचा. कॅमेऱ्याने खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. खबर खोटी निघाली तर गाड्या परत बोलावता येतात. त्यानंतर लगेच बंद लेनवर लाल फुली, तिच्या मागच्या गॅन्ट्रीवर (रस्त्यावर आडव्या उभारलेल्या कमानीवर) शेजारच्या लेनकडे वळवणारा बाण आणि वेगमर्यादा. वेग १०० वरून थेट ४० वर आणू नका. चालक जोरात ब्रेक मारतात आणि तिथेच नवी धडक होते. मागून पुढे ८०, ६०, मग ४० अशा पायऱ्या करा. मग संदेशफलक. आणि या सगळ्याची वेळेसकट नोंद.

फलकाचं गणित साधं आहे. ताशी १०० किलोमीटरने गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. एलईडी फलक वाचता येतो तो २०० ते २५० मीटरवरून. म्हणजे चालकाला मिळतात जेमतेम आठ सेकंद. एका शब्दाला एक सेकंद धरला तर आठ शब्दांच्या पुढे जाता येत नाही. काय झालं, कुठे, आणि चालकाने काय करायचं, एवढंच:

३ किमीवर अपघात
डावी लेन बंद
सावकाश चला

"गैरसोयीबद्दल क्षमस्व" फलकावरून काढून टाका. त्याने दोन सेकंद खाल्ले. अंतर फलकापासूनचं द्या, किलोमीटरच्या दगडाचं नको, कारण चालकाच्या डोक्यात तो नकाशा नसतो. आणि रांग लागली की शेपटाच्या लगेच मागच्या फलकावर अपघाताचं अंतर उपयोगाचं नाही. अपघात ३ किलोमीटरवर असेल, पण थांबलेल्या गाड्या ८०० मीटरवरच आहेत. तिथे "पुढे गाड्या थांबल्या आहेत, सावकाश चला" हाच मजकूर हवा.

शेपूट किती वेगाने मागे येतं

इथे थोडा हिशेब करू, कारण तो न करणारे कक्ष फलक एकदा लावतात आणि विसरतात.

तीन लेनचा रस्ता, क्षमता तासाला ६,००० गाड्या, येणारी वाहतूक ४,५००. एक लेन बंद झाली तर क्षमता दोन तृतीयांश उरेल असं वाटतं, पण अभियंते धरतात तो आकडा आहे ४९ टक्के. उरलेल्या लेनमधले चालकही अपघाताशेजारून जाताना हळू होतात. दोन लेन बंद असतील तर १७ टक्केच उरतात. आणि अपघातग्रस्त गाड्या कडेच्या पट्टीवर घेतल्या तरी ८३ टक्केच मिळतात, म्हणून त्या तिथून हटेपर्यंत काम संपत नाही.

४९ टक्के म्हणजे २,९४०. तासाला १,५६० गाड्या अडतात, अर्ध्या तासात ७८०. रांगेत एका लेनवर किलोमीटरमागे साधारण ८० गाड्या धरल्या, आणि मागून ताशी १०० ने येणाऱ्या गाड्या (तिन्ही लेन मिळून किलोमीटरमागे ४५) त्यातून वजा केल्या, तर शेपूट ताशी सुमारे ८ किलोमीटरने मागे सरकतं: मिनिटाला सव्वाशे मीटरच्या वर, अर्ध्या तासात ४ किलोमीटर. म्हणून दर पाच मिनिटांनी शेपटाची जागा कॅमेऱ्यात शोधा, नोंदवा आणि इशारा एक फलक मागे न्या. शेपूट आणि पहिला इशारा यांत किमान दीड-दोन किलोमीटर राहू द्या. चढाचा माथा किंवा वळण मधे येत असेल तर इशारा त्याच्याही मागे हवा. गस्तीची एक गाडी शक्य असेल तर घटनास्थळी न पाठवता शेपटामागे कडेच्या पट्टीवर, दिवे लावून, रांगेबरोबर मागे सरकत ठेवा. घटनास्थळी आधीच पाच गाड्या असतात.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. लेन ३० मिनिटांत उघडली तर रांग विरायला आणखी ३१ मिनिटं लागतात आणि सगळ्यांचे मिळून सुमारे ४०० वाहन-तास वाया जातात. तीच लेन २० मिनिटांत उघडली तर १७७. वाचवलेल्या दहा मिनिटांनी खोळंबा निम्म्याहून कमी होतो. क्रेन उशिरा मागवणं किती महागात पडतं ते इथे दिसतं.

क्रेन मागवताना

"ट्रक पलटी झालाय, क्रेन पाठवा" एवढ्या निरोपावर जी क्रेन येते ती बहुतेकदा अपुरी पडते, आणि दुसरी येईपर्यंत तास जातो. आधी कॅमेऱ्यातून आणि गस्तीवाल्यांकडून ही माहिती घ्या: गाडी चाकांवर उभी आहे की आडवी, किती एक्सलची, भरलेली की रिकामी, माल काय, चाकं फिरतात की जाम आहेत, दुभाजकात किंवा कठड्यात अडकली आहे का. माल सांडला असेल तर लोडर आणि झाडणारी माणसं, डिझेल असेल तर वाळू किंवा शोषक भुकटी. क्रेन रांगेतून कशी येणार तेही तुम्हीच ठरवायचं. पुष्कळदा पुढच्या फाट्यावरून, पोलिसांच्या पहाऱ्यात, बंद झालेल्या भागातून उलट दिशेने आणणं जलद पडतं. पण तो भाग खरोखर रिकामा आहे हे कॅमेऱ्यात बघितल्याशिवाय आणि पोलिसांनी हो म्हटल्याशिवाय नाही.

टँकर असेल तर

झूम करून नारिंगी पाटी वाचा. खालचा चार आकडी क्रमांक पदार्थाचा: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी. तो क्रमांक अग्निशमन दल पोचण्याआधी त्यांच्या कानावर गेला पाहिजे. पेट्रोलच्या टँकरने पेट घेतला असेल तर चारही बाजूंना ८०० मीटर, एलपीजीच्या टँकरला १,६०० मीटर मोकळे करायचे असतात, म्हणजे दुभाजकापलीकडची वाहतूकही थांबवायची. वाऱ्याची दिशा हवामान खांबावरून घेऊन सांगा, म्हणजे गाड्या वाऱ्याच्या वरच्या अंगाने जातील.

वाहतूक वळवायची की नाही

अर्ध्या तासात सुटेल अशा घटनेला वळवणं बहुधा तोट्याचं ठरतं. वळलेल्या गाड्या परत येईपर्यंत रस्ता मोकळा झालेला असतो. पूर्ण रस्ता बंद असेल किंवा काम दोन तासांवर जाणार असेल तर वळवा, पण आधी पर्यायी रस्त्यावरच्या पुलांची उंची आणि वजनमर्यादा बघा, आणि तिथल्या सिग्नलांचा हिरवा वेळ वाढवा. कमी उंचीच्या पुलाखाली एक कंटेनर अडकला की दोन्ही रस्ते बंद.

आवरताना

लेन उघडली की कक्षात सुटल्यासारखं वाटतं आणि फलक उतरवले जातात. सगळ्यात धोक्याची वेळ हीच. रांग पुढून विरू लागते, पण मागून गाड्या येतच असतात. वरच्या उदाहरणात लेन उघडताना ४ किलोमीटरवर असलेलं शेपूट जवळजवळ अर्धा तास मागेच सरकत राहतं आणि सात-आठ किलोमीटरपर्यंत जातं. म्हणून लाल फुली काढा, घटनास्थळाचा फलक बदला, पण शेपटाचा इशारा रांग पूर्ण विरल्याचं डोळ्यांनी बघेपर्यंत ठेवा. त्यानंतर मात्र लगेच उतरवा. रिकाम्या रस्त्यावर "अपघात" वाचलेला चालक पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही. प्रत्येक संदेशाला १५ मिनिटांची मुदत लावा, म्हणजे ऑपरेटरला तो मुद्दाम वाढवावा लागेल.

नोंदीत सात वेळा हव्यात: कळलं, खात्री झाली, निरोप गेला, पहिलं पथक पोचलं, सगळ्या लेन उघडल्या, सगळी वाहनं हटली, रांग विरली. शिफ्ट बदलत असेल तर येणाऱ्या ऑपरेटरला चालू फलकांची यादी आणि शेपटाची शेवटची जागा तोंडी सांगा, आणि त्याने ती कॅमेऱ्यात बघितल्यावरच खुर्ची सोडा. झूम केलेला प्रत्येक कॅमेरा मूळ जागी परत आणा.