कोलेस्टेरॉल वाढलंय आणि क्रिएटिन सुरू करायचंय? मग आधी एवढं करा

क्रिएटिनचा, म्हणजे जिममधे ताकदीसाठी घेतात त्या पावडरचा, डबा फोडायच्या आधी रक्त तपासायला द्या. मी उलटं केलं, आधी पावडर मग टेस्ट, आणि २२८ कोलेस्टेरॉल आधीचंच की नंतरचं हे डॉक्टरांनाही सांगता येईना. लिपिड प्रोफाइलला, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या टेस्टला, जायचं असेल तर रात्रीचं जेवण नऊच्या आत उरका म्हणजे सकाळपर्यंत दहा-बारा तास होतात, पाणी चालतं, बिनसाखरेचा चहापण नको. आदल्या रात्री ‘बसायचं’ नाही, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चढतात. लेग डे दोन-तीन दिवस पुढे ढकला, सोबत एसजीओटी ही लिव्हरची टेस्ट असेल तर जड स्क्वॉटनेच ती वाढते आणि घरचे लिव्हरचं टेन्शन घेऊन बसतात.

त्याच सुईत क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आणि टीएसएच (थायरॉइडची) पण काढून घ्या. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे पावडर चालू असताना किडनी धडधाकट असली तरी आकडा थोडा वर दिसू शकतो, शंका आली तर सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी टेस्ट करतात. टीएसएच अशासाठी की थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल तसंही चढतं.

जिममधे कोणीतरी सांगणारच की क्रिएटिनने कोलेस्टेरॉल उतरतं. अगदीच हवेतलं नाहीये ते. १९९६ मधे कोलेस्टेरॉल २०० च्या वर असलेल्या ३४ जणांवर अमेरिकेत अभ्यास झाला, पाच दिवस रोज २० ग्रॅम, पुढे १० ग्रॅम, असे आठ आठवडे, आणि घेणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल पाच-सहा टक्के, ट्रायग्लिसराइड २३ टक्क्यांच्या आसपास उतरले. पण माणसं ३४, त्यातली काही प्लासिबोवर, म्हणजे क्रिएटिन नसलेल्या नुसत्या दिखाऊ पावडरवर, आणि नंतर निरोगी तरुणांवर करून पाहिलं तर असं काही दिसलं नाही. तेव्हा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी, चालू असेल तर ती सुरूच ठेवा, आणि पावडर घेताय हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

खरेदीला साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या, एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर बघून. मास गेनरमधे (वजन वाढवायची पावडर) क्रिएटिन असतं म्हणून तो उचलू नका, त्यात साखरेसारखंच ढीगभर माल्टोडेक्स्ट्रिन, ते ट्रायग्लिसराइडच वाढवणार. रोजचे ३ ते ५ ग्रॅम बास, आणि चमचा एकदा वजनकाट्यावर ठेवा, माझा शिगोशीग भरलेला ७ ग्रॅम निघाला. पहिल्या आठवड्यात किलोभर वजन वाढलं तर ते पाणी असतं, घाबरू नका.

डब्यावर मार्करने तारीख टाका आणि आठ आठवड्यांनी त्याच लॅबमधे, तसंच उपाशी जा. फक्त ते दिवाळीनंतर येत नाही ना बघा, नाहीतर चकल्या-करंज्यांचं खापर क्रिएटिनवर.