हमिंगबर्डसाठी अंगणात साखरपाणी ठेवताना

महाराष्ट्रात जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिराला अनेक जण हमिंगबर्ड म्हणतात. परंतु खरा हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतच आढळतो, त्यामुळे पुढील सूचना तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी आहेत. न्यू जर्सीसारख्या पूर्वेकडील राज्यांत येतो तो लालकंठी हमिंगबर्ड. त्याचे वजन जेमतेम 3 ग्रॅम असते, तरीही स्थलांतराच्या काळात त्यातील अनेक पक्षी मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे 800 किलोमीटर अंतर न थांबता पार करतात. एप्रिलच्या अखेरीस ते पोहोचू लागतात, म्हणून साखरपाण्याचे भांडे त्याआधीच टांगलेले असावे.

एक वाटी साधी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी हे प्रमाण कधीही बदलू नये. आल्यागेल्याच्या हाती गूळपाणी देण्याची आपली रीत असल्यामुळे या पाहुण्यालाही गूळ किंवा मध द्यावासा वाटतो, आणि नेमकी तिथेच चूक होते. मधाच्या पाण्यात बुरशी व जंतू झपाट्याने वाढतात, तर गुळातील आणि तपकिरी साखरेतील लोह या पक्ष्याला अपायकारक ठरू शकते. लाल रंगही घालू नये. भांड्याचा लाल भाग त्याला बोलावण्यास पुरेसा असतो. साखर नीट विरघळावी म्हणून पाणी गरम केले असेल, तर ते पूर्ण निवल्यावरच भरावे.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र कठोरच राहावे लागते. कडक उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी आणि गारव्यातही आठवड्यातून किमान एकदा पाणी ओतून देऊन, भांडे गरम पाण्याने व बारीक ब्रशने आतून घासावे. गढूळ झालेले पाणी ठेवण्यापेक्षा काहीच न ठेवणे बरे, कारण पक्षी फुलांकडे जाऊ शकतो, पण आजारी पडला तर वाचणे अवघड असते. भांडे अर्धवट सावलीत टांगावे. मुंग्यांसाठी वरच्या बाजूला पाण्याची छोटी वाटी अडकवावी; जुन्या घरांत दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असत, तोच हा उपाय. नर अतिशय भांडखोर असल्यामुळे दोन भांडी ठेवायची झाल्यास ती एकमेकांना दिसणार नाहीत अशी ठेवावीत.

साखरपाण्यातून केवळ शक्ती मिळते. पिलांना भरवण्यासाठी मादीला बारीक किडे आणि कोळी लागतात, शिवाय घरटे बांधण्यासाठी ती कोळ्याचे जाळेच वापरते. म्हणून बागेत कीटकनाशक फवारू नये आणि कोपऱ्यांतील जाळी झाडून टाकण्याची घाई करू नये.

या पक्ष्याभोवती श्रद्धाही पुष्कळ आहेत. मेक्सिकोतील प्राचीन अझ्टेक लोकांच्या युद्धदेवतेचे, हुइट्झिलोपोच्टलीचे, नावच हमिंगबर्डवरून आले आहे. रणात पडलेले वीर चार वर्षे सूर्याची सोबत करतात आणि नंतर हमिंगबर्डसारखे सुंदर पक्षी होऊन फुलांतील मध चाखतात, असे ते मानत. आजही अनेकांना अंगणात आलेल्या हमिंगबर्डमध्ये गेलेले माणूस भेटीस आल्यासारखे वाटते. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्याला ही भावना परकी वाटू नये. मात्र मेक्सिकोच्या काही बाजारांत वाळवलेले हमिंगबर्ड प्रेम मिळवून देणारे ताईत म्हणून विकले जातात, त्यांना हातही लावू नये. ज्याच्यासाठी आपण पाणी ठेवतो, त्याचाच तो बळी असतो. शिवाय अमेरिकेत 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने असा पक्षी बाळगणेही गुन्हा ठरतो.

शरद ऋतूत भांडे काढले नाही तर पक्षी अडकून राहतो, ही समजूतही मनातून काढावी. दिवस लहान होऊ लागले की त्याला निघण्याची ओढ लागते, साखरपाणी त्याला रोखत नाही. उलट उत्तरेकडून उशिरा येणाऱ्यांसाठी शेवटचा पक्षी दिसल्यानंतर दोन आठवडे भांडे तसेच ठेवावे. पश्चिम किनाऱ्यावर अ‍ॅना जातीचा हमिंगबर्ड हिवाळाभर राहतो. तिथे साखरपाणी गोठण्याइतकी थंडी असेल तेव्हा भांडे रात्री घरात आणून पहाटे उजाडण्यापूर्वी पुन्हा टांगावे, कारण थंडीच्या रात्री शरीराचे तापमान उतरवून निपचित राहिलेला हा पक्षी जागा होताच त्याला सर्वप्रथम अन्न हवे असते.