प्रयोगशाळेच्या इमारतीसाठी केंद्रीय शुद्ध पाणी: बेळगाव भागात आराखडा कसा करावा

केंद्रीय संच बसवण्याआधी तो खरोखर लागतो का, हे तपासावे. दोन-तीन खोल्यांना मिळून दिवसाला शंभर-दोनशे लिटर पाणी पुरत असेल, तर ओट्याजवळचे छोटे संच स्वस्तही पडतात आणि बिघडले तरी सगळी इमारत अडत नाही. मात्र ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारी यंत्रे), काचसामान धुण्याची यंत्रे आणि रक्ततपासणीची मोठी यंत्रे तीन-चार मजल्यांवर विखुरलेली असतील, तर एका जागी पाणी शुद्ध करून नळ्यांनी सर्वत्र फिरवणे योग्य ठरते.

पहिला निर्णय दर्जाचा आहे. आयएसओ ३६९६ या मानकानुसार पहिल्या प्रतीच्या पाण्याची वाहकता २५ अंश सेल्सिअसला ०.१, दुसऱ्या प्रतीची १ आणि तिसऱ्या प्रतीची ५ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये. वैद्यकीय प्रयोगशाळेतील तपासण्यांसाठी सीएलएसआय ही प्रयोगशाळांची मानके ठरवणारी संस्था किमान १० मेगओहम-सेंटिमीटर रोधकता (हे वाहकतेच्या उलट माप; ते जितके जास्त तितके पाणी शुद्ध) आणि प्रति मिलिलिटर १० पेक्षा कमी जिवाणू मागते. संपूर्ण इमारतीत १८.२ मेगओहमचे, म्हणजे सर्वाधिक शुद्ध पाणी फिरवावे, असा आग्रह वास्तुविशारद आणि विक्रेते दोघेही धरतात. माझ्या मते तो सोडून द्यावा. इतके शुद्ध पाणी नळीच्या भिंतीतून, सांध्यांतून आणि टाकीतल्या हवेतून अशुद्धी ओढून घेते, त्यामुळे शेवटच्या नळाला तो दर्जा टिकवण्यासाठी अवाजवी खर्च होतो. केंद्रातून दुसऱ्या प्रतीचे पाणी द्यावे आणि एचपीएलसी (द्रवातील घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) किंवा पेशीसंवर्धनासारख्या मोजक्या कामांसाठी ओट्यावर अंतिम शुद्धीकरणाचा छोटा संच ठेवावा.

त्यानंतर येणारे पाणी तपासावे, आणि आपल्या भागात सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून पाणी मिळते. परंतु नळाचे पाणी रोज येईलच असे नसल्याने बहुतेक इमारतींत तेच पाणी बोअरवेलच्या आणि उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याबरोबर एकाच टाकीत मिसळते. म्हणून एका नमुन्याच्या अहवालावर आराखडा करू नये. मे महिन्यात, भर पावसाळ्यात आणि जानेवारीत प्रत्येक स्रोताचा वेगळा नमुना घ्यावा. पावसाळ्यात धरणाच्या पाण्याचा गढूळपणा आणि त्याबरोबर क्लोरिनची मात्रा वाढते, तर उन्हाळ्यात बोअरवेलचा जडपणा वाढू शकतो. खानापूरकडील जांभ्या दगडाच्या पट्ट्यात लोहाची, बेसॉल्ट खडकातील बोअरवेलमध्ये सिलिकाची आणि अथणी, रायबाग, चिकोडीकडे कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत एकूण क्षारांची चाचणी वगळू नये. सिलिका तर दुहेरी त्रास देते: आरओच्या मेम्ब्रेनवर तिचा थर बसला की तो सहज निघत नाही आणि पुढे क्षार पकडणाऱ्या रेझिनची क्षमता संपत आली की बहुधा सर्वांत आधी तीच निसटते, तेही वाहकतामापक फारसा न हलवता.

शुद्धीकरणाचा क्रम त्या अहवालावरून ठरतो. सामान्यतः वाळूचा किंवा मल्टिमीडिया फिल्टर, सॉफ्टनर, कार्बन फिल्टर, ५ मायक्रॉनचे कार्ट्रिज, आरओ, त्यानंतर ईडीआय (विजेच्या मदतीने उरलेले क्षार काढणारा संच) किंवा मिश्र रेझिन आणि शेवटी अतिनील दिवा असा क्रम असतो. क्लोरिन आरओच्या पॉलिअमाइड मेम्ब्रेनला कायमचे निकामी करतो, म्हणून कार्बन फिल्टरनंतर क्लोरिनची चाचणी रोज करावी. कार्बनमध्ये जिवाणूही वाढतात, त्यामुळे तो ठरावीक मुदतीत बदलावा. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आरओमधून सहज पुढे जातो आणि ईडीआयवरचा भार वाढवतो. बोअरवेलच्या पाण्यात हे विशेष जाणवते.

क्षमतेचा हिशोब एका उदाहरणाने पाहू. इमारतीला दिवसाला २००० लिटर पाणी लागते आणि संच दहा तास चालतो असे धरल्यास ताशी २०० लिटरचा आरओ हवा. परंतु ही क्षमता २५ अंश तापमानाची असते. पाणी एका अंशाने थंड झाले की उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे जानेवारीत २० अंशांच्या पाण्यावर तोच संच ताशी १७० लिटर देईल. म्हणून हिवाळा धरून थोडा मोठा संच घ्यावा आणि शक्य असल्यास तो दोन भागांत विभागावा. साठवणीची टाकी मात्र गरजेहून मोठी करू नये, कारण पडून राहिलेले शुद्ध पाणी बिघडते. या उदाहरणात १००० लिटर पुरेत. टाकीचा तळ शंकूच्या आकाराचा असावा, हवा आत-बाहेर जाण्याच्या वरच्या नळीला ०.२ मायक्रॉनचा जलरोधी फिल्टर असावा आणि परतीचे पाणी आत फवारले जावे.

वितरणाच्या नळ्या एका टोकाला संपणाऱ्या नसाव्यात. टाकीतून निघालेले पाणी सर्व मजल्यांवरून फिरून पुन्हा टाकीत यावे. येथे पंपाची निवड दिवसाच्या वापरावरून करणे हा नेहमीचा घोटाळा आहे. आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सेकंदाला एक मीटर वेग ठेवायचा, तर ताशी सुमारे १७७० लिटर पाणी फिरावे लागते. गर्दीच्या वेळी सर्व नळांतून मिळून मिनिटाला २० लिटर, म्हणजे ताशी १२०० लिटर जात असतील, तर परतीच्या नळीतही वेग टिकण्यासाठी पंप ताशी ३००० लिटरचा लागेल. तसाच दुसरा पंप पर्यायी ठेवावा आणि दोन्ही जनरेटरच्या वाहिनीवर जोडावेत, कारण वीज गेल्यावर थांबलेल्या पाण्यात जिवाणूंना आयती संधी मिळते. सतत फिरणारा पंप पाणी तापवतोही. एप्रिल-मे महिन्यांत ते २५ अंशांवर जाऊ नये म्हणून शीतक हवा.

नळ्या पॉलिप्रॉपिलीन किंवा पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या, उष्णतेने वितळवून जोडलेल्या असाव्यात. जीआय (जस्ताचा लेप दिलेले लोखंड) आणि तांब्याचे सामान कुठेही नको, अगदी एका सांध्यापुरतेही नको. नळाकडे जाणारा फाटा व्यासाच्या तिपटीपेक्षा लांब नसावा. प्लंबरला हे आधी चित्र काढून दाखवावे, कारण सवयीने तो भिंतीतून हातभर फाटा काढतो.

सुरू करताना संपूर्ण फेरा हायड्रोजन पेरॉक्साइड व पेरॲसिटिक आम्लाच्या मिश्रणाने निर्जंतुक करून भरपूर धुवावा आणि त्यानंतर किमान दोन आठवडे रोज प्रत्येक मजल्यावरून नमुने घ्यावेत. वाहकता वाहत्या पाण्यातच मोजावी. बाटलीत भरून मापकाकडे नेलेले पाणी वाटेतच हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि चांगला संच उगाच बदनाम होतो. वाहकता चांगली आली म्हणजे जिवाणू नाहीत असेही समजू नये. त्यांची चाचणी वेगळीच करावी लागते.

नळांवरील पाट्या आणि नोंदवहीचे रकाने कन्नड, मराठी व इंग्रजी या तिन्ही भाषांत ठेवावेत, कारण रात्रपाळीचा तंत्रज्ञ कोणत्या भाषेत सहज वाचतो हे आधी सांगता येत नाही. आरओतून बाहेर टाकले जाणारे क्षारयुक्त पाणी स्वच्छतागृहांच्या फ्लशसाठी वेगळ्या टाकीत घ्यावे; बागेला ते द्यायचे असल्यास त्यातील क्षार मोजूनच द्यावे, आणि कूलिंग टॉवरला देण्यापूर्वी त्यातील सिलिकाही पाहावी.