घरून पाहुणे येताहेत आणि शाळा चालू आहे

इंग्लंडात शाळेत शिकवणाऱ्या आपल्या खान्देशातल्या मैत्रिणींचे फोन येतात तेव्हा अर्धा वेळ याच विषयावर जातो, आई-अप्पा येताहेत ग, काय काय करून ठेवू. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी लेस्टरला गणित शिकवते, माहेर चोपड्याकडचं, सासर जळगावचं, त्यामुळे दोन्हीकडचे पाहुणे येतात आणि दोन्हीकडून सुरुवात एकाच वाक्याने होते, 'मे महिन्यात येतो, इथलं ऊन काही सोसवत नाही.'

पहिला नकार इथेच द्यायचा, गोड बोलून पण ठाम. तिकडे पारा ४५ च्या पुढे गेलाय हे खरं, पण मे-जूनमध्ये इथे जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, चालू असते, मुलांचे पेपर, जादा तास, आणि सुट्टी म्हणाल तर मेच्या शेवटी हाफ टर्मचा, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीचा, एक आठवडा. तुम्ही सकाळी सातला बाहेर पडणार, संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन परत, आणि ते दोघं दिवसभर खिडकीत. खरी सुट्टी उन्हाळ्यातली सहा आठवड्यांची, आमच्या लेस्टरच्या शाळा तर बाकी इंग्लंडच्या आधी म्हणजे जुलैच्या मध्याकडेच सुटतात आणि ऑगस्टच्या शेवटी उघडतात. तुमच्या काउन्सिलच्या साइटवर तारखा वर्षभर आधी लागलेल्या असतात, त्या आधी बघा आणि मग तिकिटाचं बोला.

पण आता तिकडचं कॅलेंडरही समोर ठेवा नाहीतर सगळं फिसकटतं. जूनमध्ये कपाशीची लागवड, अप्पा शेत सोडून हलणार नाहीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपल्या खान्देशातला देवीचा सण, रोटाला म्हणजे तिच्या नैवेद्याला घरातलं माणूस हवंच, आई त्या दिवशी लेस्टरला बसून राहील हे विसरा. मग पोळा. त्यानंतर कापूस वेचणी सुरू झाली की दिवाळीपर्यंत अप्पांचं नाव काढू नका. म्हणजे उरतो तो लागवड आटोपल्यापासून कानबाईपर्यंतचा तुकडा, आणि कानबाई त्या वर्षी जुलैअखेर आली तर तोही जेमतेम. कानबाई भाऊबंदांकडे एकत्र होत असेल आणि जाऊबाई सांभाळून घेणार असतील तर प्रश्न मिटला, नाहीतर सरळ डिसेंबर-जानेवारी विचारा. तेव्हा ख्रिसमसची दोनच आठवडे सुट्टी, चार वाजता अंधार, पण शेतीच्या मानाने त्यातल्या त्यात मोकळे दिवस. थंडीचे कपडे इथे घ्या, तिकडून स्वेटरांनी बॅगा भरून आणू नका म्हणावं.

व्हिसा. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंत करता येतो, निकाल साधारण तीन आठवड्यांत लागतो, बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याला जावं लागतं. तुमचं आमंत्रणाचं पत्र, घराचा पत्ता, पगाराच्या स्लिपा हे सगळं लावाच, पण खरा भर यावर द्या की हे लोक परत जाणार आहेत. पेन्शनची कागदं, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि सातबारा. सातबारा मराठीत असतो म्हणून त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सही-तारखेसकट जोडायचं, हे लोक हमखास विसरतात. आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात कापसाचे पैसे एकदम खात्यात टाकू नका, टाकलेच तर व्यापाऱ्याची पावती लावा.

इन्शुरन्सवर घासाघीस करू नका, बाकी कुठेही करा. इमर्जन्सीत ए अँड ई मध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, तपासतात त्याचे पैसे नाहीत, पण तिथून वॉर्डात भरती केलं की परदेशी पाहुण्याला एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या १५० टक्के बिल लागतं. बीपी-शुगर आहे हे पॉलिसी घेताना लिहाच, लपवलं तर ऐनवेळी क्लेम जातो. गोळ्या मुक्कामापेक्षा जास्त दिवसांच्या आणायच्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणि हातातल्या पिशवीत. फ्रिजवर मोठ्या अक्षरात ९९९ (इमर्जन्सीचा) आणि १११ (तब्येतीच्या सल्ल्याचा) लिहून ठेवा, खाली तुमच्या शाळेच्या ऑफिसचा नंबर, कारण वर्गात आपला फोन बंद असतो.

सामानाची यादी करून फोनवर वाचून दाखवा. दुधाचं काही नको, म्हणजे पेढे, खवा, घरचं तूप, काही नाही, मटणाचं तर नाहीच, कस्टमवाले काढून घेतात आणि आईचा जीव तुटतो. भरताची वांगी पण तिकडेच राहू देत. काळ्या मसाल्यासाठी सुकं खोबरं चेक-इन बॅगेत टाकू नका, विमानात ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं, मसाला तिकडेच भाजून दळून आणावा आणि दोन पिशव्यांत सील करावा नाहीतर सगळ्या साड्यांना वास. बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, तिखट, उडदाची डाळ बिनधास्त आणा, बिबडे स्टीलच्या डब्यात, नुसत्या पिशवीत आणले तर भुगा होतो. ज्वारीचं पीठ इथे गुजराती दुकानात 'जुवार' म्हणून मिळतं, उडदाचं पण, कळण्याची भाकरी आरामात होते.

प्रवासाला मुंबईहून थेट फ्लाइट घ्या, दोनशे पाउंड वाचवायला मधे उतरायचं लावू नका. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, अप्पा म्हणतील मी काय लंगडा आहे का, पण व्हीलचेअर ढकलणारा माणूस इमिग्रेशनपासून बाहेरपर्यंत सोबत असतो आणि भाषेचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. पोचायचा दिवस शनिवार ठेवा, टर्म चालू असताना एअरपोर्टला जायला रजा मागणं म्हणजे हेडटीचरच्या चेहऱ्याकडे बघत उभं राहणं.

आता घर. भाड्याचं असेल तर आधी घरमालकाला किंवा एजंटला मेल टाका की इतके जण इतके आठवडे राहणार आहेत, बऱ्याच करारांत तशी अट असते. मग बाथरूम, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. इथे मोरी नसते, जमिनीला पाणी जायला भोकच नाही, बाहेर बादली घेऊन बसलं की पाणी खालच्या मजल्याच्या छतातून टपकतं. बादली आणि तांब्या टबाच्या आतच ठेवायचा, टबात न घसरणारी रबरी चटई टाकायची, चढायला-उतरायला भिंतीला धरायचा दांडा बसवायचा, आणि पहिल्याच संध्याकाळी हे सगळं स्वतः करून दाखवायचं, तोंडाने सांगून उपयोग नाही. टमरेल वेगळं घ्या. दुसरं म्हणजे दार. बाहेर पडून ओढलं की आपोआप लॉक होतं, आई कपडे वाळत घालायला बाहेर गेली की झालं. किल्ली दोऱ्यात घालून गळ्यात, आणि एक शेजाऱ्यांकडे.

फोडणी दिली की स्मोक अलार्म ओरडणार, खिडकी आधी उघडायची, अलार्मची बॅटरी काढायची नाही. भरिताला कपाशीच्या काड्या कुठून आणणार, इथली काळी-जांभळी वांगी टोचून तेल लावून ओव्हनच्या ग्रिलखाली फिरवत फिरवत अर्धा तास ठेवली की साल सुटतं, आपल्या हिरव्या वांग्याची चव नाही पण शेंगदाणे, कांद्याची पात आणि हिरवी मिरची ठेचून घातली की अप्पा दुसरी भाकरी मागतात. हे काम आईलाच करू द्या, तुम्ही शाळेतून येईपर्यंत तिचं तिला काहीतरी हवं.

कारण पाहुणचार शनिवार-रविवारी होत नाही, तो मंगळवारी सकाळी अकराला होतो, तुम्ही नववीला समीकरणं शिकवत असताना. तेवढ्यासाठी पहिल्या आठवड्यात एकच बस शिकवा, घरापासून बेलग्रेव्ह रोड आणि परत, दोनदा सोबत जा, तिसऱ्यांदा मागच्या सीटवर बसून बघा. तिथे दुकानं गुजराती, आई अहिराणीत बोलते आणि ते गुजरातीत, कसं काय शे विचारलं तरी बरोबर समजतं, भाजीवालीशी अर्धा अर्धा तास गप्पा. मंदिर, लायब्ररी, बाग यातलं एक ठिकाण अप्पांना शोधून द्या. वायफायवर घरच्या टीव्हीला मराठी चॅनल लावून द्या पण त्यावर भागवू नका.

शाळा बघायची हौस सगळ्यांना असते, आमची पोर कुठे शिकवते. सरळ घेऊन जाता येत नाही, रिसेप्शनला सही, गळ्यात पट्टी, आणि मुलांचे फोटो अजिबात नाहीत. आधी परवानगी काढून मुलं गेल्यावर चारनंतर न्या, रिकामा वर्ग बघूनही समाधान होतं, अप्पांनी फळ्यावर हात फिरवून बघितलाच.

लंडन एका दिवसात दोन ठिकाणं, जास्त नाही. १० किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर बघाच, शिकत असताना ते १९२१-२२ मध्ये तिथे राहिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतलं. दुपारी ब्रिटिश म्युझियम, फुकट आहे आणि बसायला जागा असते. डबा सोबत, दशम्या आणि ठेचा, बाकी लंडन पायांना झेपेल तेवढंच.

आणि ते मावसभावाचे मित्र जे युरोप टूरवर आहेत आणि 'दोन रात्री तुमच्याकडे टेकतो' म्हणतात, त्यांना टर्म चालू असेल तर हॉटेलची लिंक पाठवा आणि रविवारी जेवायला बोलवा.

जायच्या आधीचा शनिवार पूर्ण मोकळा ठेवा, बॅगा वजनकाट्यावर टाकायला. परतीचं तिकीट शाळा उघडायच्या निदान दोन दिवस आधीचं काढा, नाहीतर पहिल्याच दिवशी इनसेटला, म्हणजे शिक्षकांच्या ट्रेनिंगला, बसून तुमचं लक्ष हीथ्रोच्या गेटवर आणि आईचं लक्ष तुमच्या जेवणाच्या डब्यावर.